पांढरीतून काळीवर : भाड्याच्या खोलीतल्या ओलीची गोष्ट

सोनईत वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात एवढा पाऊस जुलैच्या एका पंधरवड्यात पडून जातो. तरीही श्रावण-भाद्रपदात आमच्याकडच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये भिंतींचे कोपरे काळवंडतात, बॅगेत ठेवलेला चामडी पट्टा हिरवट होतो आणि गादी उचलली की खालून कुबट वास येतो. पर्जन्यछायेतल्या गावात बुरशी येते कुठून?

मी सोनईत भाड्याने राहतो. इथे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. मुळा साखर कारखान्यावर कामाला आलेले, कॉलेजात शिकणारे आणि शिकवणारे, बँकेत बदली होऊन आलेले, पाच-सहा किलोमीटरवरच्या शनिशिंगणापुरात दुकानांवर काम करणारे. शिंगणापूर दारं नसलेल्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या खोल्यांना दार असतं, खिडकी असेलच असं नाही.

ओलीची तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं. मलाही मिळालं होतं. घरमालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही पोरं खोलीतच कपडे वाळवता, खिडकी लावून घेता. मग ओल येणार नाही तर काय होणार?" काकूंचा स्वभाव वाईट नाही, आणि त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्यही आहे. पण हे वाक्य त्यांचं एकटीचं नाही. ते शंभराहून जास्त वर्षं जुनं आहे आणि ते नेहमी भिंतीच्या मालकाकडून भिंतीच्या आत राहणाऱ्याकडे जातं. ते कुठून आलं, हे शोधताना मला आधी मातीपाशी जावं लागलं.

पांढरी

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगतात. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. हा फरक नुसता रंगाचा नाही. काळी कापसाची माती पाणी धरते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला हातभर भेगा पडतात. पिकाला हे चालतं, घराच्या पायाला चालत नाही. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची राख, शेण, पडलेल्या भिंती, फुटकी खापरं यांच्या थरांनी बनलेली उंचवट्याची जागा. ती काळीइतकी फुगत नाही आणि उंच असल्यामुळे पाणी तिच्यावर थांबत नाही.

माणसं अशा जागी किती जुन्या काळापासून राहत आली आहेत, हे आमच्याच तालुक्यात दिसतं. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी नेवाशाला प्रवरेकाठी उत्खनन केलं. तिथे ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्यांचे थर एकावर एक सापडले. माणसं गेली, परत आली आणि पुन्हा त्याच टेकाडावर राहिली.

या पांढरीवर नगर जिल्ह्याच्या पूर्व भागात धाब्याची घरं उभी राहिली. काही ठिकाणी त्यांना माळवद म्हणतात. खाली दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीची जाड भिंत, तुळयांवर मातीचं सपाट छत. पाऊस कमी, म्हणून छत सपाट. याच जिल्ह्यात अकोल्याकडे, सह्याद्रीच्या कुशीत गेलात की घरांची छपरं उतरती होतात.

या घरांचं गोडवं गायचं कारण नाही. धाबं गळायचं. पावसाच्या रात्री घरभर भांडी मांडावी लागायची. वाळवी लागायची, चुलीच्या धुरानं आढं काळं व्हायचं. पण त्या भिंतीची एक गोष्ट आजच्या भिंतीत नाही. माती पाणी घेते तशी सोडतेही. पावसाळ्यात शोषलेला ओलावा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बाहेर पडत असे. वर दसरा-दिवाळीला चुना लागे. ताजा चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी तग धरत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती तीव्रता हळूहळू उतरते, म्हणून चुना पुन्हा पुन्हा लावावा लागतो. दरवर्षीच्या रंगसफेदीत सणाची हौस होती, तशी भिंतीची देखभालही होती.

आणि ही देखभाल करणारा बहुतेक वेळा त्याच घरात राहत होता. ओल त्याची, चुनाही त्याचाच.

कालवा आला

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा धरण उभं राहिलं. साठवण २६ टीएमसी. त्याच्या उजव्या कालव्यानं राहुरी, नेवासे, शेवगाव, पाथर्डी या भागाला पाणी दिलं. ऊस आला, सोनईत सहकारी कारखाना आला, शिक्षणसंस्था वाढल्या. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसांचं आयुष्य या पाण्यानं बदललं. मीही त्यामुळेच सोनईत आहे.

पण कालवा आला की जमिनीखालचं पाणीही वर येतं. निचरा नसेल तर शेतं पाणथळ, मग क्षारपड होतात, चोपण होतात. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून प्रवरेच्या लाभक्षेत्रातले शेतकरी हे शब्द जाणतात. शेतातल्या क्षारांवर कृषी विद्यापीठ बोलतं, चर खणले जातात, जिप्सम टाकलं जातं. तेच क्षार घराच्या भिंतीत चढतात, तेव्हा मात्र आपण म्हणतो, लोणा लागला, आणि पुट्टी मारून मोकळे होतो.

याच काळात गावाची वस्ती पांढरीतून बाहेर पडली. गावठाणात जागा उरली नव्हती. रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या बाजूला, जिथे काल कपाशी किंवा ऊस होता त्या काळीवर घरं उठली. भाड्याच्या खोल्या तर जवळपास सगळ्याच काळीवर आहेत, कारण त्या मुळात नव्या गरजेसाठी बांधल्या गेल्या.

बांधणीही बदलली. विटा, सिमेंटचा गिलावा, सिमेंटची स्लॅब किंवा वर पत्रा, आणि आत चकचकीत रंग. सिमेंट आणि तेलकट रंग पाणी सहज आत येऊ देत नाहीत, पण एकदा आत शिरलेलं पाणी बाहेरही पडू देत नाहीत. जोत्यावर ओलरोधक थर, ज्याला गवंडी 'डीपीसी' म्हणतात, तो घातला तर खालची ओल तिथेच अडते. चार पैसे वाचवायला तो गाळला की पाणी विटांतून केशाकर्षणानं चढत जातं, साधारण कमरेच्या उंचीपर्यंत. काळी माती फुगून-आकसून भिंतीला ज्या बारीक तडा देते, त्यांतून पावसाचं पाणी शिरतं ते वेगळंच.

आणि या सगळ्यात एक मोठा बदल झाला. ज्याची भिंत, तो आता तिच्या आत राहत नव्हता.

तीन अक्षरं

भिंत एकाची आणि ओल दुसऱ्याची, ही स्थिती सोनईत गेल्या पन्नास वर्षांतली. मुंबईत ती त्याच्या कितीतरी आधी आली होती. आज सोनईच्या भाडेकरूच्या हातात जे काही नियम-कायदे आहेत, त्यांतले बरेचसे मुंबईच्या चाळींमधून आले आहेत. म्हणून तिकडे जाऊन येऊ.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. तेव्हाच्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात रोगाचं घर म्हणजे अंधारी, ओली, कोंदट खोली. त्यांनी भिंतींना चुना फासला, छपरांची कौलं काढून ऊन आत सोडलं, आणि कितीतरी घरांवर तीन इंग्रजी अक्षरं रंगवली : यू.एच.एच. अर्थ, माणसांच्या राहण्यास अयोग्य.

प्लेग ओलीतून येत नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला पुढे आणखी काही वर्षं गेली. पण तोवर दोष कोणाचा, हे ठरून गेलं होतं. गलिच्छ कोण, तर खोलीत राहणारे. खोली तशी बांधून, तिचे तुकडे पाडून भाडं घेणारा बाजूला राहिला. घर अयोग्य ठरलं की रस्त्यावर येणारा भाडेकरूच असे.

१८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं नागपाड्यासारख्या वस्त्यांमध्ये घरं पाडून रस्ते केले, आणि सुरुवातीच्या वर्षांत जितक्या खोल्या बांधल्या त्याहून जास्त पाडल्या. विस्थापित माणसं शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळींत शिरली. तिथली गर्दी आणि ओल वाढली.

या ट्रस्टनं एक चांगली गोष्टही दिली. तिचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० च्या दशकात उजेड आणि हवेचा एक नियम लावून धरला : साडेत्रेसष्ट अंशांचा कोन. सोप्या शब्दांत, समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीलाही आकाश दिसेल. इथे पहिल्यांदा प्रश्न 'राहणारे कसे राहतात' असा न राहता 'खोली कशी बांधली आहे' असा झाला, आणि उत्तर टेपनं मोजता येऊ लागलं.

मी आमच्या बोळात मोजून पाहिलं. दोन इमारतींमध्ये तीन फूट. समोरची भिंत अंदाजे वीस फूट. ऑर साहेबांच्या हिशेबानं मध्ये दहा फूट हवे होते.

गोठलेलं भाडं

पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली आणि १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आलं. पुढे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. त्यात प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याला बांधलं गेलं. भाडेकरूला सहजासहजी कोणी उठवू शकत नव्हतं. लाखो कामगार कुटुंबं या कायद्यामुळे शहरात टिकली, हे विसरता येत नाही.

पण भाडं १९४० मध्ये थांबलं आणि सिमेंट-सळईचे भाव थांबले नाहीत. दुरुस्ती करणं मालकाला परवडेना, किंवा परवडत असूनही करावीशी वाटेना. इमारती गळू लागल्या, मग पडू लागल्या. १९६९ मध्ये सरकारनं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून मंडळ नेमलं आणि त्यासाठी उपकर लावला. आजही मुंबईत 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द ऐकू येतो, तो तिथून. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. आता भाडं दरवर्षी ४ टक्के वाढवता येतं.

या कायद्याचं कलम १४ प्रत्येक भाडेकरूनं एकदा वाचावं. उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं हे मालकाचं बंधन आहे. लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत त्यानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा अशी की एका वर्षात वळती केलेली रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त असू नये.

अकरा महिने

वाचून बरं वाटलं असेल. आता अडचणी ऐका.

एक, हा कायदा राज्यभर सरसकट लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या भागांना तो लागू आहे. बाकीच्या गावांत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा धरावा लागतो. त्याच्या कलम १०८ मध्येही दुरुस्ती करून खर्च वळता करण्याची सोय आहे, पण ती फक्त मालकावर बंधनकारक असलेल्या दुरुस्तीपुरती. बंधन कुठून येणार? करारातून.

दोन, आज खोली 'भाड्याने' मिळतच नाही. मिळते ती 'लिव्ह अँड लायसन्स'वर, अकरा महिन्यांसाठी. कागदोपत्री तुम्ही भाडेकरू नसता, मालकाच्या परवानगीनं राहणारे असता. कलम १४ चा हक्क भाडेकरूचा आहे.

तीन, छापील करारात बहुतेक वेळा एक ओळ असते : किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्यानं करावी, जागा आहे तशा स्थितीत परत द्यावी. ओल 'किरकोळ' आहे की नाही, हे करार सांगत नाही. डिपॉझिट परत देताना ते मालक सांगतो.

तरीही एक गोष्ट दोन्ही प्रकारच्या राहणाऱ्यांच्या बाजूनं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं की जागेत मोठा दोष असेल, तो मालकाला माहीत असेल आणि भाडेकरूला साध्या काळजीनं कळण्याजोगा नसेल, तर मालकानं तो सांगितला पाहिजे. १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे, परवाना देणाऱ्यानं व्यक्तीला किंवा तिच्या वस्तूंना धोकादायक ठरू शकणारा, त्याला माहीत असलेला दोष उघड केला पाहिजे. म्हणजे मे महिन्यात ओल्या भिंतीवर पुट्टी-रंग मारून जूनमध्ये खोली देणं ही निव्वळ चलाखी नाही. त्यात कायद्यानं सांगितलेलं एक कर्तव्य मोडलं जातं.

घरमालकाची बाजूही मांडली पाहिजे. सोनईतले बरेचसे मालक मोठे धनी नाहीत. निवृत्तीचे पैसे किंवा उसाच्या बिलातून वाचवलेलं घालून त्यांनी तीन-चार खोल्या काढलेल्या असतात. ठेकेदारानं डीपीसी गाळला, हे त्यांनाही पाच वर्षांनी भिंत सांगते.

दोन वर्षांचा मुलगा

ओल म्हणजे नुसता वास आणि डाग, असं वाटत असेल तर इंग्लंडमधली गोष्ट वाचा. रॉचडेल गावात एका गृहसंस्थेच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुदानहून आलेलं एक कुटुंब राहत होतं. वडील २०१७ पासून बुरशीची तक्रार करत होते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आवाब इशाक श्वसनाच्या आजारानं गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरनं कारण नोंदवलं : घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क. त्या कुटुंबाच्या 'राहण्याच्या पद्धती'वर बोट ठेवलं गेलं होतं. म्हणजे काकूंचंच वाक्य, इंग्रजीत.

तिथल्या गृहनिर्माण लोकपालानं २०२१ मध्ये ओल आणि बुरशीवर अहवाल काढला, त्याचं शीर्षकच असं होतं की हा जीवनशैलीचा प्रश्न नाही. २०२३ मध्ये आवाबच्या नावानं ओळखली जाणारी तरतूद कायद्यात आली आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना ओलीची तक्रार ठरावीक मुदतीत तपासून दुरुस्त करणं भाग पडलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच ओल-बुरशीच्या घरांचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध मांडला होता. किती बुरशी चालेल, असा सुरक्षित आकडा तिनं दिला नाही. सांगितलं ते एवढंच की ओल होऊच देऊ नये, झाली तर दूर करावी.

आधी पाणी हुडका

आमच्याकडे एक जुने गवंडी आहेत. भिंतीकडे बघून ते म्हणाले, "आधी पाणी कुठून येतंय ते हुडका. रंग दिला म्हंजी पाणी जात नाही, दडतं." भांडण कोणाशी करायचं, हेही त्यातूनच ठरतं.

ओल तीन वाटांनी येते. खालून आली तर जोत्यापासून कमरेपर्यंत आडवा पट्टा दिसतो, पोपडे सुटतात, पांढरी भुकटी येते. ती भुकटी म्हणजे लोणा, क्षार, बुरशी नव्हे. पाण्यात विरघळते. वरून किंवा बाजूनं आली तर स्लॅबला, पत्र्याच्या कडेला, खिडकीच्या कोपऱ्याला, नळाच्या जोडाजवळ डाग दिसतो आणि पाऊस पडला की वाढतो. या दोन्ही वाटा बांधकामाच्या, म्हणजे मालकाच्या.

तिसरी वाट आतून. स्वयंपाकाची वाफ, अंघोळ, ओले कपडे, चार जणांचा श्वास. ही वाफ गार भिंतीवर बसते आणि कपाटामागे, गादीखाली, कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके उमटतात. इथे काकूंचं म्हणणं बरोबर असू शकतं. पण वाफ बाहेर जायला झरोका किंवा पंखा आहे का, हा प्रश्न पुन्हा बांधकामाकडेच जातो.

शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक-दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतली.

हवेतली असेल तर आपल्या हातात बरंच आहे. पलंग-कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. पाऊस उघडला की दार-खिडकी समोरासमोर उघडा. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांच्या आत पूर्ण वाळवा, त्याहून उशीर झाला की बुरशी धरते. लहान डाग साबणाच्या पाण्यानं, तोंडाला मास्क लावून पुसा. कोरडा ब्रश घासू नका, त्यानं बीजाणू खोलीभर उडतात. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. पंख्याएवढ्या भागापेक्षा बुरशी मोठी असेल, किंवा घरात लहान बाळ, म्हातारं माणूस, दम्याचा रुग्ण असेल, तर ते काम स्वतःवर घेऊ नका.

भिंतीतली असेल तर फोन काढा. तारखेसह फोटो काढा, मालकांना व्हॉट्सॲपवर साध्या भाषेत लिहा, आणि दर पावसानंतर त्याच कोपऱ्याचा फोटो पुन्हा पाठवा. मुंबईच्या चाळीतल्या माणसाकडे हा पुरावा नव्हता, म्हणून कागदावर उरलं ते अधिकाऱ्यांचं म्हणणं.

नवी खोली बघत असाल तर जमल्यास पावसाळ्यात बघा. उन्हाळ्यात बघितली तर ताज्या रंगाच्या वासावर जाऊ नका, कपाट सरकवून मागची भिंत बघा, जोत्यालगत हात लावा, शेजारच्या भाडेकरूला विचारा. आणि करारावर सही करण्याआधी दोन ओळी घालायला सांगा : छत, भिंत, जोते आणि नळाच्या गळतीमुळे येणारी ओल दुरुस्त करण्याची जबाबदारी मालकाची राहील, आणि लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत ती केली जाईल. मी यंदाच्या करारात त्या घालायला सांगितल्या. काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचल्या, मग म्हणाल्या, "पंधरा कशाला, पावसाळ्यात गवंडीच भेटत नाही. महिना लिहा." महिना लिहिला.